समकालीन आयरिश कादंबरी: काय वाचावं, कुणाला काय सुचवावं

समकालीन आयरिश कादंबरी म्हणजे साधारण १९९०नंतर लिहिलेली, आयर्लंडमध्ये घडणारी कादंबरी, मग ती दक्षिणेतल्या स्वतंत्र प्रजासत्ताकातली असो नाहीतर उत्तर आयर्लंडमधली, जो आजही ब्रिटनचा भाग आहे. आयरिश भाषेतही लिहिलं जातं, पण आपल्यापर्यंत पोचतं ते इंग्रजीतलं, तेही अस्सल आयरिश वळणाच्या इंग्रजीतलं. २०२२च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या ५१ लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे मुंबईच्या निम्मीही नाही, आणि तरी २०२३च्या बुकर पारितोषिकाच्या १३ पुस्तकांच्या पहिल्या यादीत चार लेखक आयरिश होते. त्यामुळे "आयर्लंडमधलं काहीतरी सुचव ना" असं वाचणाऱ्या माणसाला आता वरचेवर विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर एका नावात देता येत नाही, कारण १९५०च्या दशकातलं एनिस्कॉर्थी हे छोटं गाव, १९७०च्या दशकातलं बेलफास्ट आणि मंदीनंतरचं डब्लिन ही तीन वेगळीच जगं आहेत.

एक धागा मात्र या सगळ्यांतून जातो. गावाला सगळं माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. 'लोक काय म्हणतील' ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून पुस्तक सुचवताना कथानक सांगत बसू नये, त्या घरात किंवा त्या गावात काय दाबून ठेवलंय तेवढं सांगावं, समोरचा माणूस लगेच ठरवतो की हे आपल्याला वाचायचंय की नाही, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

सुरुवात कुठून करावी

आयर्लंड म्हटलं की लोक थेट जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'कडे जातात. १६ जून १९०४ या एका दिवसाची ती कादंबरी १९२२ साली आली, थोर आहे यात वादच नाही, पण पहिलं आयरिश पुस्तक म्हणून ती हातात दिली की पन्नास पानांत माणूस गळतो आणि पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. त्यापेक्षा क्लेअर कीगनची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) द्यावी. सव्वाशे पानांच्या आतली आहे, एका बैठकीत होते, २०२२च्या बुकरच्या अंतिम यादीत होती.

१९८५ सालचा नाताळ जवळ आलाय, वेक्सफर्ड परगण्यातलं न्यू रॉस गाव. बिल फर्लाँग कोळसा आणि सरपण विकतो, पाच मुली आहेत, उपाशी नाहीत पण हात सैल सोडता येत नाही असं घर. एका पहाटे तो कॉन्व्हेंटात, म्हणजे नन्सच्या मठात, माल टाकायला जातो, कोळशाच्या खोलीचं दार उघडतो तर आत एक मुलगी, थंडीत रात्रभर कोंडलेली. ती त्याला विचारते ते तिच्या बाळाबद्दल. मग तिला आत नेतात, न्हाऊ घालतात, फर्लाँगला शेकोटीपाशी बसवून चहा देतात, मदर सुपीरियर त्याच्या मुलींच्या शाळेची आपुलकीने चौकशी करते आणि निघताना नाताळचं पाकीट हातात ठेवते. कुणी आवाज चढवत नाही, धमकी तर नाहीच नाही. पण गावातली मुलींची चांगली शाळा त्याच भिंतीला लागून आहे आणि धाकट्या मुलींना अजून तिथे जायचंय, हे त्यालाही कळतं आणि आपल्यालाही. घरी बायको सांगते की पुढे जायचं असेल तर काही गोष्टींकडे काणाडोळा करावा लागतो. बाई वाईट नाही हो, पाच मुलींची आई आहे, आणि तिचं म्हणणं आपल्याला पटायला लागतं तिथेच कीगन आपल्याला पकडते.

यामागचा इतिहास खराच आहे. मॅग्डलेन लाँड्री नावाच्या धर्मसंस्थांनी चालवलेल्या धुलाईघरांत लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, किंवा नुसत्या 'वाया जातील' असं कुणाला तरी वाटलेल्या मुलींना ठेवून बिनपगारी राबवून घेत. शेवटचं धुलाईघर डब्लिनच्या शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवर १९९६मध्ये बंद झालं. १९९६ म्हणजे आपल्याकडे घरोघर केबल टीव्ही आला होता, इतकं हे जवळचं आहे. पंतप्रधान एन्डा केनी यांनी १९ फेब्रुवारी २०१३ला संसदेत माफी मागितली. गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावच्या माता-बालगृहात, म्हणजे अविवाहित मातांना ठेवायच्या जागी, मेलेल्या ७९६ मुलांच्या नोंदी कॅथरिन कॉर्लेस या तिथल्या इतिहास अभ्यासक बाईंनी मृत्यूचे दाखले मिळवून गोळा केल्या. कीगन यातलं काही भाषणासारखं सांगत नाही, पण हे माहीत असलं की पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना फार जड जातं. ज्याला हे आवडलं त्याला पुढे तिचीच 'फॉस्टर' द्यावी, उन्हाळाभर नातेवाइकांकडे ठेवलेल्या मुलीची, आणि मग सेबॅस्टियन बॅरीची 'ओल्ड गॉड्स टाइम' (२०२३), ज्यात डॉल्कीला समुद्राकाठी राहणारा निवृत्त पोलीस जुन्या प्रकरणासाठी पुन्हा गाठला जातो.

नावं आणि भाषा

नवीन वाचक अडतो तो नावांपाशी. लिहिलेलं एक आणि म्हणायचं भलतंच: नीव्ह, शिवॉन, ईफा, टाइग. आयरिश स्पेलिंगमध्ये एम किंवा बी नंतर एच आला की बहुतेक वेळा 'व' म्हणायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. पंतप्रधानाला टीशोक म्हणतात, आणि हा शब्द मराठी कानांवर आधीच पडलेला असतो, कारण लिओ वराडकर दोनदा टीशोक झाले, त्यांचे वडील मुंबईचे आणि घराण्याचं गाव मालवण तालुक्यातलं वराड.

साधे शब्दही फसवतात. 'प्रेस' म्हणजे कपाट, 'हॉट प्रेस' म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट जिथे कपडे ऊबेला ठेवतात, 'मेसेजेस' म्हणजे वाणसामान, 'गिव्हिंग आउट' म्हणजे रागावणं, ओरडणं, 'लीव्हिंग सर्ट' म्हणजे त्यांची बारावी आणि तेवढंच टेन्शन. 'आय ॲम आफ्टर ईटिंग' असं कुणी म्हणालं तर तो जेवणार नाहीये, नुकताच जेवलाय, ही रचना मूळ आयरिश भाषेतून इंग्रजीत उतरलीय. अवतरणचिन्हं बरेच लेखक वापरतच नाहीत. ज्याला हे सगळं जड वाटतं त्याला ऑडिओबुक सुचवावं, आयरिश माणसाने वाचलेलं, कारण यातली बरीच गद्यं मुळात कानासाठीच आहेत.

उत्तर आयर्लंड

इथे मराठी वाचक घरच्यासारखा असतो, कारण 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नाचा खरा अर्थ त्याला पाठ आहे. आपल्याकडे आडनावावरून जात काढतात, तिकडे नावावरून, शाळेवरून, राहत्या गल्लीवरून कॅथलिक की प्रोटेस्टंट ते ताडतात. ॲना बर्न्सच्या 'मिल्कमन'मध्ये (२०१८) तर कुणालाच नाव नाही. शहरालाही नाही, ते बेलफास्ट असावं हे वाचणाऱ्याने ओळखायचं. अठरा वर्षांची 'मधली बहीण' रस्त्याने चालता चालता जुन्या कादंबऱ्या वाचते, आणि बॉम्बस्फोटांच्या त्या शहरात गावाला विचित्र वाटतं ते तिचं वाचणं. एक एकेचाळीस वर्षांचा सशस्त्र गटातला माणूस तिच्या मागे लागतो, तिला हातही लावत नाही, पण अफवा सुटते आणि अफवेलाच लोक खरं धरतात. कुठलं लोणी आपल्यांचं आणि कुठलं त्यांचं, कुठली नावं मुलांना ठेवायची नाहीत, याच्या याद्या आहेत त्या वस्तीत. वाक्यं लांबच लांब, पहिली तीस पानं दम काढतात, पण नंतर त्या मुलीच्या बोलण्याची लय अंगात भिनते. उत्तर आयर्लंडच्या लेखकाला मिळालेलं हे पहिलं बुकर.

ज्याला एवढी कसरत नको त्याला लुईस केनेडीची 'ट्रेसपासेस' (२०२२). १९७५ साल, बेलफास्टजवळचं छोटं गाव, कॅथलिक शिक्षिका कुशला आणि वयाने बराच मोठा, लग्न झालेला प्रोटेस्टंट वकील. प्रेमकथा आहे, पण मला विसरता येत नाहीत ती तिच्या वर्गातली सात वर्षांची पोरं, रोज सकाळी उभं राहून 'आजच्या बातम्या' सांगणारी, ज्यांना स्फोटकांचे शब्द पाढ्यांसारखे येतात. १० एप्रिल १९९८च्या गुड फ्रायडे शांतता करारापर्यंतच्या तीस वर्षांत तिथल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली, तो आकडा वाचून जे होत नाही ते या वर्गात बसून होतं.

तेजी, मंदी आणि अर्धवट घरं

१९९०च्या दशकाच्या मध्यापासून आयर्लंडमध्ये पैसा आला, बिल्डर आले, कर्ज मिळेल त्याला मिळायला लागलं आणि २००८ला सगळं कोसळलं, २०१०मध्ये युरोपियन युनियन आणि नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली. या पडझडीतून फार चांगल्या कादंबऱ्या निघाल्या. डोनल रायनची 'द स्पिनिंग हार्ट' (२०१२) माझ्या सगळ्यात आवडीची. २१ प्रकरणं, २१ माणसं, प्रत्येकजण एकदाच बोलतो. गावचा बिल्डर पोकी बर्क पळून गेलाय, आणि कामगार बेकारभत्ता मागायला जातात तेव्हा कळतं की याने त्यांच्या नावाचे सरकारी हप्ते भरलेलेच नव्हते. पीएफ बुडवलेल्या कुठल्याही आपल्या कामगाराला ही गोष्ट सांगा, दोन मिनिटांत कळेल.

पॉल मरीची 'द बी स्टिंग' (२०२३) सहाशेहून जास्त पानांची, गाड्यांची शोरूम बुडत चाललेल्या बार्न्स कुटुंबाची, आणि त्यात आई इमेल्डाची प्रकरणं पूर्णविरामांशिवाय धावतात, कारण ती बाई मनात तशीच विचार करते. माइक मॅकॉरमॅकची 'सोलर बोन्स' (२०१६) तर पूर्ण पुस्तकभर एकच वाक्य, मेयो परगण्यातला काउन्सिलचा इंजिनिअर २ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या मृतात्म्यांच्या दिवशी, स्वयंपाकघरात उभा आहे, दुपारची घंटा वाजतेय, आणि तो पूल, रस्ते, काँक्रीट, संसार सगळं आठवतोय. पीडब्ल्यूडीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पुस्तक जरूर द्यावं, खराब कामावर सही करायला दबाव आला की काय होतं ते त्याला सांगायला नको. रहस्यकथाच हवी असेल तर ताना फ्रेंचची 'ब्रोकन हार्बर' (२०१२) घ्यावी, अर्धवट सोडलेल्या गृहसंकुलातल्या खुनांची, भिंतीला भोकं पडलेल्या घराची.

तरुण वाचक बहुतेक सॅली रूनीवरून येतात, २०२०ची टीव्ही मालिका बघून. 'नॉर्मल पीपल'मधली (२०१८) प्रेमाची गुंतागुंत सगळे सांगतात, पण कॉनेलची आई मॅरिअनच्या घरी साफसफाईला जाते आणि शाळेत तो मॅरिअनला ओळखही दाखवत नाही, हे त्या पुस्तकाचं हाड आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात गेल्यावर पारडं उलटं होतं. आणि मुलं परदेशात असलेल्या आईवडिलांना कोल्म टोबीनची 'ब्रुकलिन' (२००९) द्यावी, एनिस्कॉर्थीहून अमेरिकेला पाठवलेल्या आयलीशची. माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या घरात ती गेली तिथून परत आली नाही.

जपून सुचवण्याची पुस्तकं

ईमर मॅकब्राइडची 'अ गर्ल इज अ हाफ-फॉर्म्ड थिंग' (२०१३) प्रकाशक मिळायला नऊ वर्षं लागली आणि मग तिने मोठी पारितोषिकं मिळवली. तुटक, अर्धी वाक्यं, आणि लैंगिक अत्याचार अगदी समोर. न सांगता कुणाच्या हातात देऊ नये. पॉल लिंचच्या 'प्रॉफेट साँग'मध्ये (२०२३चं बुकर) आजच्याच डब्लिनमध्ये हुकूमशाही येते, पावसाळी संध्याकाळी दार वाजतं, पोलीस आयलीश स्टॅकच्या शिक्षक संघटनेतल्या नवऱ्याला शोधत आलेले असतात, आणि पुढे परिच्छेदच पडत नाहीत, श्वास घ्यायला जागा नाही. लहान मुलं घरात असलेल्यांना मी आधी सांगून ठेवतो.

एवढं लिखाण येतं कुठून

याच देशात १९२९च्या कायद्याने पुस्तकांवर बंदी येत असे. एडना ओब्रायनच्या पहिल्या कादंबरीवर १९६०ला बंदी आली, जॉन मॅकगाहर्नच्या 'द डार्क'वर १९६५ला बंदी आली आणि त्याची शिक्षकाची नोकरीही गेली. १९६७ला कायदा सैल झाला. १९६९पासून लेखकांना लिखाणाच्या कमाईवर आयकरात सूट आहे, २०२२मध्ये दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देणारी योजना प्रयोग म्हणून सुरू झाली. १९९७ला स्थापन झालेलं 'द स्टिंगिंग फ्लाय'सारखं नियतकालिक नव्यांना छापतंय, ट्रॅम्प प्रेससारखी छोटी प्रकाशनं मोठी पुस्तकं काढतात, 'सोलर बोन्स' त्यांचंच.

सुचवण्याचं काम तिथे सार्वजनिकही चालतं. २००६पासून डब्लिनची ग्रंथालयं दर एप्रिलमध्ये एक पुस्तक निवडतात आणि अख्ख्या शहराला वाचायला सांगतात. २०२१मध्ये, कोरोनाच्या काळात, त्यांनी रोनन हेशनची 'लेनर्ड अँड हंग्री पॉल' निवडली होती. दुःखाची पुस्तकं वाचून थकलेल्या माणसाला मी हेच देतो. दोन तिशीतले साधे मित्र, संध्याकाळी बोर्ड गेम खेळणारे. एकाची आई नुकतीच गेलीय आणि तो मुलांसाठी विश्वकोश लिहितो, दुसरा सोमवारी टपाल वाटतो. कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि या एका पुस्तकात गप्प राहणाऱ्यांच्या मनात लपवण्यासारखं काही नसतं.