टाकीतलं कोमट पाणी

काजूच्या हंगामात गोव्यात सत्तरीतल्या एखाद्या दारूच्या भाटीवर गेलात, तर हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) आधी नळीभोवतीच्या टाकीकडे बघा. वाफ नळीत निवते, थेंब थेंब गळते आणि तिची उष्णता टाकीतल्या पाण्यात उतरते. भाटीवाला मधूनमधून हात बुडवून बघतो. पाणी तापलं की बदलतो. त्या हाताच्या जागी थर्मामीटर आला, की झालं कॅलरीमापन, म्हणजे उष्णता मोजणं.

व्हिस्कीच्या देशात, स्कॉटलंडमध्ये, जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने 1760 च्या दशकात दाखवलं, की उकळत्या पाण्याला कितीही जाळ घातला तरी तापमान चढत नाही. उष्णता वाफेत दडून बसते.

जळणाची उष्णता मोजायला लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बर्फ वापरला. बर्फाने वेढलेल्या कप्प्यात कोळसा जाळायचा आणि वितळून गळालेलं पाणी तोलायचं. आजच्या मापात 1 ग्रॅम बर्फाला 334 ज्यूल. खोलीची ऊब आत शिरू नये म्हणून भोवती बर्फाचंच दुसरं आवरण. तरी खड्यांना चिकटलेलं पाणी गळायचंच नाही, तिथे हिशेब चुके.

रमफर्ड या शास्त्रज्ञाने 1812 च्या सुमारास मेण, तेल, अल्कोहोल जाळून त्यांचा धूर पाण्यात बुडवलेल्या नागमोडी नळीतून नेला. म्हणजे जवळजवळ भाटीच! (गिलोटिनवर गेलेल्या लाव्हाझिएच्या विधवेशी लग्न केलं होतं तेही यानेच.) त्याची युक्ती झकास होती: पाणी खोलीपेक्षा काही अंश थंड असताना सुरुवात करायची आणि तेवढेच अंश वर गेलं की थांबायचं. आधी आत आलेली उष्णता नंतर बाहेर जाते, फिट्टंफाट. 1881 च्या सुमारास बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाबाखालच्या ऑक्सिजनने भरलेल्या बंद पात्रात जळण पेटवलं, आणि गळती जवळपास संपली.

शाळेतला स्पिरिटचा दिवा मात्र गळतच राहतो. त्यावर ठेवलेल्या डब्यातलं 100 ग्रॅम पाणी 20 अंशांनी तापलं म्हणजे 8.36 किलोज्यूल, त्यासाठी 0.6 ग्रॅम इथेनॉल जळलं, तर ग्रॅममागे जेमतेम 14. पुस्तकात 29.7! उरलेली उष्णता डब्याच्या कडेने आणि पंख्याच्या वाऱ्यावर गेलेली असते. जर्नलात मुलं 29 लिहून मोकळी होतात.

रमफर्डची युक्ती इथे करायची, तर फ्रिजचं पाणी घ्यावं लागतं. पण आपल्या दमट हवेत थंड डब्याला बाहेरून घाम फुटतो, आणि ती वाफही आपली दडलेली उष्णता डब्याला देऊन जाते.