मिठाला सुटलेलं पाणी आणि सिगारची पेटी

भाचा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये सुटीवर आला तेव्हा डझनभर सिगार आणि ते ठेवायची लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडोर, घेऊन आला आणि जाताना माझ्याकडे सोपवून गेला. मी विडीलाही कधी हात लावलेला नाही. मे महिन्यात सिगारांचं वरचं पान तडकू लागलं, म्हणून पेटीत ओला फडका ठेवला. झाकणातल्या, हवेतली ओल टक्क्यांत दाखवणाऱ्या तबकडीवर काटा 68 पर्यंत आला की निर्धास्त व्हायचो, खाली गेला की फडका पुन्हा ओला. श्रावणात उघडून पाहतो तर सगळ्यांवर हिरवट बुरशी. पोळ्याला भाचा आला आणि म्हणाला, "काऊन मामाजी, पावसातबी फडका ओलाच करत होते का जी?"

पेटीचं काम ओल देणं, असं मी धरून चाललो होतो. तिचं खरं काम ओल एका आकड्यावर धरून ठेवणं. सिगारला 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता लागते. 30 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते. त्यातली 21 ग्रॅम असली की 70 टक्के. आमच्या साकोलीकडे मेच्या दुपारी हा आकडा 20 च्याही खाली जातो आणि श्रावणाच्या झडीत 90 वर. विडीचं एक बरं असतं. वळणाऱ्या बाया तेंदूपत्ता भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळतात, कारण कोरडं पान कात्रीखाली फुटतं. वळून झालेली विडी मात्र शेकून कोरडी करतात. सिगारला ओढेपर्यंत मऊ राहावं लागतं.

म्हणजे उन्हाळ्यात ओल देणारं आणि पावसाळ्यात तीच परत घेणारं काहीतरी पेटीत हवं. अशी वस्तू प्रत्येक स्वयंपाकघरात आहे: मीठ.

बंद डब्यात एका वाटीत मीठ घ्या आणि थोडंसं पाणी घालून त्याचा ओला रबडा करा. काही तासांत डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. 20 अंशांना 75, 40 अंशांनाही जवळपास तेवढीच. असं का? पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत हवेत उडतात आणि हवेतले परत येतात. मीठ विरघळलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड आयन गर्दी करतात, पाण्याचे रेणू उडायचं प्रमाण घटतं. 100 ग्रॅम पाण्यात 36 ग्रॅम मीठ विरघळतं. कण मोजले तर दर शंभरात पाण्याचे सुमारे 82 भरतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ राऊल यांच्या नियमाप्रमाणे आर्द्रता 82 टक्के यायला हवी. येते 75, कारण आयन नुसती जागा अडवत नाहीत, आजूबाजूच्या पाण्याला विद्युतभाराने धरूनही ठेवतात.

आता गंमत पाहा. हवा कोरडी झाली तर रबड्यातलं पाणी उडतं. पण त्यामुळे द्रावण दाट होत नाही, जादा मिठाचे खडे बनून खाली बसतात. हवा दमट झाली तर पाणी आत येतं, पण द्रावण पातळ होत नाही, तळचे खडे विरघळतात. खडे आणि द्रावण दोन्ही शिल्लक आहेत तोवर द्रावणाची तीव्रता तीच, म्हणून आर्द्रताही तीच. बर्फ आणि पाणी एकत्र असेपर्यंत तापमान शून्यावरच राहतं, हे शाळेत शिकलो तसंच हे.

पाण्यात विरघळणाऱ्या प्रत्येक पदार्थाचा आकडा वेगळा. युरियाचा 30 अंशांना साधारण 72, पोटॅश खताचा 84. म्हणून पावसाळ्यात युरियाची उघडी गोणी आधी पाझरते. मॅग्नेशियम क्लोराइडचा तर 33. खडे मिठात तो थोडा मिसळलेला असतो, त्यामुळे ते बारीक मिठाआधीच ओलं होतं. घराच्या कोपऱ्यात खडे मिठाची वाटी ठेवा, पाणी सुटलं की नकारात्मक ऊर्जा शोषली गेली समजा, असा निरोप मोबाइलवर दर पावसाळ्यात फिरतो. हीच वाटी मेमध्ये ठेवून पाहा. आमच्याकडे ती ऊर्जा उन्हाळाभर माहेरी गेलेली असते.

सिगारसाठी 75 म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावर. म्हणून 65 किंवा 69 आकडा छापलेली, वेगळ्या क्षारांच्या द्रावणाची पाकिटं मिळतात. तत्त्व हेच. स्पंज किंवा फडका फक्त देतो, परत काही घेत नाही.

पेटी निवडताना मी झाकण पाहीन. पाच-सहा लिटरच्या पेटीतल्या हवेत वाफ 0.2 ग्रॅमसुद्धा नसते; डझनभर सिगारांच्या पानांत मात्र पंधरा-वीस ग्रॅम पाणी असतं. क्षणभर झाकण उघडल्याने काही बिघडत नाही, महिनोन्महिने फटीतून झिरपतं त्याने बिघडतं. रबरी कडेचा हवाबंद डबा इथे देखण्या पेटीला भारी पडतो. लाकडीच हवी तर आतून 'स्पॅनिश सीडर' असावा. तो ना स्पेनचा, ना देवदार. आपल्या कडुनिंबाच्याच कुळातला. नवं लाकूड स्वतःच ओल पितं, म्हणून सिगार ठेवण्याआधी पाकीट घालून पेटी दोन आठवडे बंद ठेवायची. जागा मातीच्या भिंतीच्या माजघरात, कूलरच्या झोतात नको. उष्णतेचा आणखी एक धोका म्हणजे हळकुंडं पोखरणारा बारीक भुंगा तंबाखूतही वाढतो, आणि 25 अंशांच्या वर त्याची अंडी भराभर फुटतात. सिगार पिशवीत बंद करून तीन दिवस उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवले की तो मरतो. तंबाखूचा अपाय मात्र कोणत्याच पेटीत कमी होत नाही.

आणि तबकडी तपासायची. बाटलीच्या झाकणात मिठाचा रबडा, शेजारी तबकडी, दोन्ही हवाबंद पिशवीत रात्रभर. सकाळी काटा 75 वर हवा. भाच्याच्या पेटीतली तबकडी मी अशी ठेवली, तर काटा 62 वर. तेरा कमी. मी ज्या 68 वर निर्धास्त होत होतो, ते खरे 81 होते.