गर्स्टनरची पेटी आणि मुंबईची हवा

अमेरिकेतल्या डेटन शहरात बनणारी, मापाची हत्यारं ठेवायची गर्स्टनरची लाकडी पेटी मशिनिस्ट, म्हणजे यंत्रावर धातू कातून भाग घडवणाऱ्या, लोकांच्या जगात शंभरहून अधिक वर्षं मानाची समजली जाते. मुंबईच्या बाजारात ती सहसा दिसत नाही. तरी टूलरूममध्ये आयुष्य घालवलेले आणि आता घरी छोटं लेथ मशीन घेऊन बसलेले लोक तिची चौकशी करत असतात. अमेरिकेत बनलेल्या पेटीची किंमत हजार डॉलरच्या वर जाते, त्यावर जहाजभाडं आणि जकात. नावाला एवढे पैसे मोजावेत का, हे ठरवायचं तर ती पेटी कुणासाठी आणि कुठल्या हवेसाठी घडली ते आधी बघायला हवं.

1867 च्या पॅरिस प्रदर्शनात जोसेफ ब्राउन आणि ल्युशियन शार्प या अमेरिकन भागीदारांनी पामर नावाच्या फ्रेंच कारागिराचा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं हत्यार, पाहिला आणि लवकरच त्यांच्या कंपनीने खिशात मावेल असा मायक्रोमीटर बाजारात आणला. 1880 मध्ये लॅरॉय स्टॅरेट यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅथॉल गावी मापाच्या हत्यारांचा कारखाना काढला. इंचाच्या हजाराव्या भागाचं माप आता साध्या कामगाराला पगारातून विकत घेता येऊ लागलं. त्यातून तिकडे एक रीत रुजली: मशीन मालकाचं, मापाची हत्यारं कामगाराची. नोकरी बदलली की हत्यारंही त्याच्याबरोबर जायची. वर्षानुवर्षं पैसे साठवून घेतलेला मायक्रोमीटर, डायल, गुण्या, डिव्हायडर सुखरूप ठेवायला त्याला स्वतःची, कुलपाची पेटी हवी होती.

डेटन हे असल्या कारागिरांचं गाव. नॅशनल कॅश रजिस्टरचा कारखाना तिथलाच, राइट बंधूंचं सायकलचं दुकानही तिथलंच. त्याच गावात हॅरी गर्स्टनर पॅटर्न मेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने घडवणारे. पॅटर्न मेकरची सुतारकी वेगळीच असते. धातू थंड होताना किती आकसेल याचा हिशोब धरून लाकूड तासावं लागतं. गर्स्टनरांनी आधी स्वतःच्या हत्यारांसाठी पेटी केली, इतरांनी तशीच मागितली, आणि 1906 मध्ये त्यांनी धंदाच सुरू केला.

पेटी जवळून बघण्यासारखी आहे. वरचं झाकण उचललं की आत आरसा. डोळ्यात उडालेला कीस काढायला तो उपयोगी, असं जुने कारागीर सांगतात. पुढची फळी कुलूप उघडल्यावर सुटते आणि खणांच्या खाली सरकून दिसेनाशी होते, त्यामुळे काम करताना ती कुठे ठेवायची हा प्रश्न उरत नाही. झाकण लावलं की तीच फळी जागच्या जागी पकडली जाते आणि एका कुलपात सगळे खण बंद होतात. खण उथळ, तळाला फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड लोकरी कापड. मधल्या खणाची उंची मात्र जास्त, कारण तिथे मशिनरीज हँडबुक बसायला हवं. 1914 पासून निघणारं ते मापं-कोष्टकांचं जाडजूड पुस्तक मशिनिस्टच्या हाताशी असायचंच. पेटीची मापंसुद्धा कामगाराच्या दिवसावरून ठरलेली आहेत, आणि मला तिचं सर्वांत मोठं मोल यातच वाटतं.

लाकूड ओकचं, तेही क्वार्टर सॉन. ओंडका आधी चार भागांत उभा चिरून मग फळ्या अशा काढायच्या की वर्षांची वलयं फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात येतील. अशी फळी हवेतल्या ओलीने रुंदीला साध्या फळीच्या जवळपास निम्मीच हलते. खण अडकत नाही तो या चिरकामामुळे. पुढे ओहायोमध्येच केनेडी कंपनीने पोलादी पेट्या काढल्या. त्या स्वस्त, दणकट, तेल-कूलंट सांडलं तरी पुसून मोकळं व्हावं अशा. कारखान्यातली बहुतेक जागा त्यांनीच घेतली. लाकडी पेटी उरली ती मापाच्या हत्यारांसाठी आणि हौसेसाठी.

मुंबईत गोष्ट वेगळी घडली. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी काढली, पाठोपाठ गिरण्यांची मेकॅनिक खाती आणि परळ, लोअर परळ, माटुंगा इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपांत फिटर-टर्नरांची मोठी फौज तयार झाली. त्यांचं कसब कुणापेक्षा कमी नव्हतं. पण हत्यार कारखान्याचं. सकाळी स्टोअरच्या खिडकीवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, स्टोअरकीपर तो हत्याराच्या जागी खुंटीला अडकवणार, संध्याकाळी हत्यार परत करून बिल्ला सोडवायचा. मायक्रोमीटर हरवला तर जाब द्यावा लागायचा. परदेशी हत्यारं आयात परवान्याच्या कचाट्यात आणि पगाराच्या मानाने महाग, त्यामुळे स्वतःच्या मालकीचं हत्यार म्हणजे फार तर एक स्केल, एक कॅलिपर, नागदेवीच्या हत्यारबाजारातून घेतलेला एखादा व्हर्नियर. त्याला पत्र्याची पेटी आणि तेलाचा फडका पुरत असे. आपल्याकडे गर्स्टनर घडला नाही यात सुतारांची कमतरता नव्हती. तसं गिऱ्हाईकच तयार झालं नाही.

आता हवेचा मुद्दा, आणि इथे त्या नावाचा धाक बाजूला ठेवून बोललं पाहिजे. ओकमध्ये टॅनिन हे तुरट आम्लद्रव्य असतं, आणि त्या लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. वस्तुसंग्रहालयांत ओकच्या कपाटात ठेवलेली शिशाची नाणी खराब झाल्याचा अनुभव जुना आहे. पोलाद शिशाइतकं नाजूक नाही, पण ओल मिळाली की त्यालाही ते भोवतं. कोरड्या, गरम ठेवलेल्या अमेरिकन वर्कशॉपमध्ये हे जाणवत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा दमट, त्यात समुद्राचा खारटपणा, आणि फेल्ट तीच ओल धरून ठेवतं. पेटी बंद करून पावसाळाभर विसरलात तर घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावर तांबूस ठिपके आलेच म्हणून समजा.

हे ज्ञान या शहराला नवं नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी जहाजं बांधली ती सागवानाची. एक तर इंग्लंडात ओकचा तुटवडा होता. शिवाय ओकमध्ये ठोकलेले लोखंडी खिळे-बोल्ट गंजून सैल होतात, सागाच्या अंगच्या तेलामुळे ते टिकतात, हे जहाजबांधणीत सगळ्यांना ठाऊक होतं. 1817 मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. साग ओकपेक्षा आकसतो-फुगतोही कमी.

तेव्हा गर्स्टनरची कीर्ती खरी की फुगवलेली? माझ्या मते खरी. रचना, चिरकाम आणि कारागिराच्या गरजेची जाण, तिन्ही बाबतीत ती पेटी अस्सल आहे. मात्र हे डेटनमध्ये बनलेल्या पेटीबद्दल. गर्स्टनर इंटरनॅशनल या नावाने चीनमध्ये बनवून घेतलेली मालिका बरीच स्वस्त आहे. आराखडा तोच, पण तिच्या बाबतीत जुन्या नावावर विसंबून न राहता खण ओढून, सांधे पाहून घ्यावं. आणि लाकडी पेटी हत्यारांना गंजापासून आपोआप वाचवते, ही समजूत मुंबईकराने सोडून द्यावी. अमेरिकन मशिनिस्टसुद्धा खणात कापराची वडी ठेवत आले आहेत. इथे कापराबरोबर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या लागतील, त्या वेळेवर बदलाव्या लागतील, आणि प्रत्येक हत्याराला तेलाचा हात द्यावा लागेल.

ज्याला एवढे डॉलर घालायचे नाहीत त्याने तोच आराखडा चांगल्या सुताराकडून जुन्या सागवानात करून घ्यावा. पाडलेल्या चाळींच्या तुळया-दरवाजांचं लाकूड या शहरात अजून मिळतं, आणि ते इतक्या पावसाळ्यांतून गेलेलं असतं की आता फारसं हलत नाही. खणाला फेल्टऐवजी पातळ, तेल पाजलेलं चामडं मात्र लावू नये. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यातही टॅनिन असतंच.