नॅचरल स्विमिंग पूल: पाणी साफ कोण करतं?

क्लोरीन नसलेला पूल म्हटलं की पहिला प्रश्न येतो, मग पाणी साफ कोण करतं? "झाडं" म्हटलं की लोकांचं समाधान होतं, पण ते अर्धंच उत्तर आहे आणि मेंटेनन्स चुकतो तो इथेच, म्हणून जरा मागे जाऊया.

याची सुरुवात पोहण्यातून झालीच नाही. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई पाणवनस्पतींनी घाण पाणी साफ होतं का ते बघत होत्या, त्या कामातून पुढे सांडपाण्याचे रीडबेड, म्हणजे घाण पाणी साफ करणारे पाणगवताचे वाफे, आले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात लोकांनी हीच आयडिया घरामागच्या तळ्यात आणली, खोल भाग पोहायला, उथळ भाग झाडांना आणि मधे पाण्याखाली बुडालेली भिंत, म्हणजे चिखल-मुळं पोहायच्या भागात येत नाहीत पण पाणी फिरतं. किती साधं आणि किती सुंदर! मग हे जर्मनी-स्वित्झर्लंडभर पसरलं, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ रीहेनला तर आधी नेहमीसारखा पूल ठरला होता, तो बदलून २०१४ मध्ये नॅचरल पूल सुरू झाला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मिनिआपोलिसचा वेबर पूल, तोही सार्वजनिक.

या प्रवासात कळलेली मोठी गोष्ट म्हणजे फॉस्फरस, खतात असतो तोच, झाडांचं आणि शेवाळाचं खाद्य. पाण्यात तो लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिला तर शेवाळाला खायलाच मिळत नाही. म्हणजे पाणी उपाशी ठेवायचं, बस. खडीवर जिवाणूंचा जो बुळबुळीत थर बसतो तो यातलं बरंच काम करतो, म्हणून नंतरच्या पूलमध्ये पंपाने पाणी खडीतून हळूहळू फिरवायला लागले. त्या थराला सतत ऑक्सिजन लागतो, पंप फार वेळ बंद ठेवलात तर तो मरायला लागतो.

आता कामं का करायची ते कळतं. पडलेली पानं कुजायच्या आधी काढायची, झाडं छाटून ती छाट बाहेर न्यायची, नाहीतर झाडांनी ओढलेला फॉस्फरस परत पाण्यातच. मासे सोडू नका, ते शेवाळ खाणारे बारीक पाणकिडेच खातात. तिकडे युरोपात झाडं हिवाळ्यात सुकतात आणि एकदा मोठी छाटणी होते, आपल्याकडे वर्षभर वाढतात त्यामुळे कात्री सारखी हातात. आणि पावसाळा! लॉनचं किंवा शेताचं खतमिश्रित पाणी एकदा आत आलं की महिन्यांची मेहनत गेली, म्हणून काठ जमिनीपेक्षा उंच हवाच, आणि बोअरचं पाणी भरायच्या आधी त्यातलं फॉस्फेट (पाण्यात फॉस्फरस याच रूपात असतो) लॅबमधून तपासून घ्या.