पेशंट खूश आहे, पण कशावर?

“काई तरास नाई जी, बरं हाय सारं.” ग्रामीण रुग्णालयातून सुट्टी होताना इंटर्नने अभिप्रायाचा फॉर्म पुढे केला, की विदर्भात हेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. ‘अतिशय समाधानी’ समोर खूण होते. त्याच माणसाला गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे ठाऊक नसतं. तपासताना मध्ये पडदा नव्हता. एक्स-रे कुठे काढतात, हे त्याने शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलेलं असतं. हातात फॉर्म धरून उभा असलेला ॲप्रनवालाच उद्या पुन्हा सुई लावणार आहे, हेही तो विसरलेला नसतो.

२०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ हा भाग आला. वृत्ती, नीती आणि संवाद असे त्याचे तीन विषय. पेशंटशी बोलायचं कसं, हे भावी डॉक्टरांना आता रीतसर शिकवतात. उत्तम झालं. पण शिकवलेलं वॉर्डात उतरलं का, हे कशावरून ठरवायचं? सगळ्यांत सोपा आकडा समाधानाचा, आणि तोच फसवा.

अमेरिकेत ५०,०००हून अधिक प्रौढांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आपल्या डॉक्टरांवर सर्वाधिक खूश असलेल्या गटाचा औषधांवरचा खर्च जास्त निघाला आणि पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. खूश राहिल्याने माणूस मरतो, असं यातून सिद्ध होत नाही. पण मागेल ते देणारा डॉक्टर आवडता होतो, हे कळायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. सोयाबीन सोंगून हातपाय गळालेला माणूस “एक सलाईन लावून द्या” म्हणतो, आणि लावून देणारा पंचक्रोशीत देवमाणूस ठरतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे फार तर १०० किलोकॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून जास्त ऊर्जा आहे. ज्याला तोंडाने खाता-पिता येतं, त्याच्यासाठी ही बाटली म्हणजे अंगाराच, फक्त शिरेतून दिलेला.

आता माझ्या आवडीचा भाग. घडून गेलेला त्रास माणूस लक्षात कसा ठेवतो?

डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांनी १९९६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. (कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) गुदद्वारातून नळी घालून मोठं आतडं तपासतात ना, ती तपासणी चालू असताना पेशंटनी दर मिनिटाला आपल्या वेदनेला शून्य ते दहा यांपैकी आकडा द्यायचा होता. कुणाची तपासणी चार मिनिटांत उरकली, कुणाची तासाहून जास्त चालली. नंतर विचारलं, एकूण त्रास किती झाला? आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वेदना मांडली, तर एकूण वेदना म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. पेशंटचं उत्तर त्या क्षेत्रफळाशी जुळतच नव्हतं. किती वेळ लागला, याचा आठवणीवर जवळपास परिणामच नव्हता. उत्तर जुळत होतं दोनच बिंदूंशी: वेदनेचा कळस आणि शेवटचे क्षण. ढोबळमानाने या दोन आकड्यांची सरासरी.

समजा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे दोन तरुण कळा सुरू झाल्या म्हणून दवाखान्यात आले. विदर्भात हे नवलाचं नाही. पहिल्याची वेदना ९ पर्यंत चढली आणि अर्ध्या तासात, ७ वर असतानाच, त्याला घरी पाठवलं. आठवणीतला आकडा ८. दुसरा तीन तास तळमळला, वेदना ९ पर्यंतच गेली, पण निघताना २ वर आली होती. आठवणीतला आकडा साडेपाच. एकूण त्रास दुसऱ्याला कितीतरी जास्त झाला, तरी फॉर्मवर खूश तोच.

२००३ साली हेच तत्त्व प्रयोगाने तपासलं. ६८२ पेशंटपैकी सुमारे निम्म्यांच्या तपासणीच्या शेवटी नळीचं टोक तीनेक मिनिटं न हलवता तसंच ठेवलं. नकोसं, पण आधीच्या कळांपेक्षा सौम्य. या पेशंटना तपासणी कमी त्रासदायक वाटली! गणिताच्या भाषेत, संकलन, म्हणजे आलेखाखालचं ते क्षेत्रफळ, नेहमी वाढतच जातं, पण कळस आणि शेवट यांची सरासरी खालीही येऊ शकते. सौम्य वेदनेची शेपटी जोडली की पहिलं वाढतं आणि दुसरं घटतं.

ही गोष्ट इंटर्नच्या कामाची अशी, की सरकारी दवाखान्यातल्या भेटीचा शेवट डॉक्टरपाशी होतच नाही. तो होतो औषधाच्या खिडकीशी. “सकाळ-संध्याकाळ घ्या, पुढे चला.” ओपीडीत कितीही मायेने बोललात, तरी आठवण तिथे ठरते. हुशार विद्यार्थी यातून भलताच धडा घेईल, ही धास्ती आहेच: मधे काहीही होवो, निरोप गोड द्यायचा. म्हणून ‘कसं वाटलं?’ विचारण्यापेक्षा ‘काय झालं?’ विचारावं. पडदा ओढला होता का? आजाराचं नाव कुणी सांगितलं का? गोळ्या कशा घ्यायच्या हे तुमच्याकडून परत म्हणवून घेतलं का? या प्रश्नांना भिडेखातर ‘हो’ म्हणणं थोडं अवघड जातं.

विचारायची जागाही बदलावी लागते. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९चं. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका गावात शिबिराला राहतात आणि काही कुटुंबांशी जोडले जातात. शेवटची एसटी चुकेल म्हणून तपासणी न करताच परतलेली बाई हे दवाखान्यात कशाला सांगेल? ओसरीवर सांगेल. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तर दवाखाना उभारण्याआधीच आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाईकांना पेशंटपाशी राहू देत नाहीत, असं लोक म्हणाले. मग शोधग्रामात, म्हणजे संस्थेच्या आवारात, झोपड्यांसारखा दवाखाना झाला. नाव दंतेश्वरी देवीचं, उपचार विज्ञानाचे. माझी त्याला काही हरकत नाही.

माझं म्हणणं इतकंच, की इंटर्नशिपच्या वर्षात प्रत्येकाने एक दिवस ॲप्रन काढून, परवानगी घेऊन, एका पेशंटसोबत केसपेपरच्या रांगेपासून एसटी स्टँडपर्यंत जावं. कानेमन यांच्या पेशंटनी दर मिनिटाला आकडा दिला होता. इथे दर पाच मिनिटांनी, काय घडलं त्याची एक ओळ लिहिली तरी पुरे. मार्क त्या वहीला द्यावेत.