ऊन वर आल्यावर एल्क जातो कुठे?

एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरीण. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातला मोठा नर ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास, आणि नराच्या डोक्यावर चार फुटांच्या वर शिंगं. आपल्या काश्मीरमधला दाचीगामचा हंगुल ह्याचा जवळचा नातेवाईक. एवढं मोठं जनावर, तेही कळपात राहणारं, पहाटे कोलोरॅडोच्या कुरणात उघड्यावर चरत असतं, रस्त्यावरून गाडीत बसल्या बसल्या दिसतं, आणि ऊन जरा वर आलं की सगळा कळप गायब. कोलोरॅडोत अंदाजे २ लाख ८० हजार एल्क आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, तरी तिथे रीतसर लायसन काढून शिकारीला जाणाऱ्या पाच जणांतले साधारण चार जण रिकाम्या हातानेच परत येतात. कारण बरेच लोक पहाटे जिथे कळप दिसला तिथेच दुर्बीण लावून बसतात, आणि कळप तोवर वरच्या स्प्रूस आणि फर ह्या सूचिपर्णी झाडांच्या गच्च जंगलात जाऊन रवंथ करत बसलेला असतो. तिथले शिकारी ह्या जंगलाला डार्क टिंबर म्हणतात, भर दुपारी आत काळोख असतो म्हणून.

आता तो आत का जातो हे कळलं तर कुठे शोधायचं ते अर्धं सुटतं. पहिलं कारण पोटाचं. रवंथ करणारं जनावर घाईघाईत पोट भरून घेतं आणि मग निवांत जागी बसून चघळतं, म्हणजे दिवसाचा बराच वेळ त्याला बसायला सुरक्षित जागा लागते. दुसरं कारण कित्येक वर्षं असं सांगितलं जायचं की दाट झाडी हिवाळ्यात ऊब देते, आणि ह्याच समजुतीवर जंगलखात्याचे झाडतोडीचे प्लॅनसुद्धा ठरायचे. मग ओरेगॉन राज्यात संशोधक जॉन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ प्रयोगच केला, तरुण माद्या काही दाट झाडीत ठेवल्या, काही विरळ झाडीत, काही एकदम उघड्यावर, खाणं सगळ्यांना मोजून मापून आणि हिवाळ्यात कोणाचं वजन किती उतरतं ते बघितलं. १९९८ साली निकाल छापून आला तो उलटाच होता, दाट झाडीतल्या माद्यांचं वजन जास्त उतरलं, कारण उघड्यावरच्यांना निदान ऊन तरी मिळत होतं. म्हणजे हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून एल्क झाडीत शिरतो हे काही खरं नाही. उन्हाळ्यात आणि सप्टेंबरात मात्र सावली लागते, सप्टेंबरात तर अंगावर हिवाळ्याचे जाड केस यायला लागलेले असतात त्याच्या. पण शिकारीच्या दिवसांत मुख्य कारण एकच, लपणं. मला हा प्रयोग भारी आवडतो, कारण इतकी उघड वाटणारी गोष्ट तपासायला कोणीतरी इतका खटाटोप केला.

तर शोधायचं कुठे. उत्तर गोलार्धात डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी पडतं, बर्फ उशिरा वितळतो, माती ओली राहते, म्हणून तिथे स्प्रूस-फर दाट वाढतात आणि दक्षिणेकडे गवत, झुडपं, विरळ पाइन. एल्क रात्री-पहाटे दक्षिण बाजूला चरतो आणि दिवसा धार ओलांडून उत्तर बाजूला बसतो. पण अख्खा उत्तर उतार पिंजून काढायची गरज नसते. तीव्र चढावर तो बसत नाही, बसायला जरा सपाट टप्पा लागतो, आणि असे टप्पे नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींपासून लांब गेल्यात तिथे दिसतात. त्यातही जो टप्पा धारेच्या खाली, डोंगराच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात असतो तो आधी बघायचा, कारण वाऱ्याच्या हिशोबात ती जागा पक्की बसते.

हा वाऱ्याचा हिशोबच सगळ्यात महत्त्वाचा. डोंगरात दोन वारे असतात, एक हवामानाचा, हवेच्या दाबामुळे वाहणारा, आणि दुसरा उताराचा स्वतःचा. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होऊन ओढ्यातल्या पाण्यासारखी उताराने खाली उतरते. सकाळी ऊन लागलं की जमीन तापते, हवा हलकी होते आणि उताराने वर चढायला लागते. वरच्या टप्प्यावर बसलेल्या एल्कला त्यामुळे दिवसभर खालच्या दरीतला सगळा वास नाकाशी येतो, आणि धारेवरून पलीकडचा वारा येत असेल तर पाठीमागचाही. समोर डोळे, मागे नाक, आणि मध्ये रवंथ. त्यामुळे खालून चढत गेलात तर गेलातच. अनुभवी लोक पहाटे हवा खाली उतरत असते तेव्हा खालून वर जातात, आणि हवा पलटली की वरून किंवा आडव्या बाजूने येतात. मधला पलटायचा जो काळ असतो, सकाळी ऊन उतारावर येतं तेव्हाचा, त्यात हवा कुठेही फिरते, तेव्हा गपचूप बसून राहणं सगळ्यात बरं.

गच्च जंगलात ह्याच्यात अजून एक गुंता असतो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर पडतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे शेंडे तापतात आणि खाली बुंध्यांजवळची हवा थंडच राहते. मग वर झाडांच्या माथ्यावर वारा एकीकडे आणि खाली आपल्या नाकाच्या उंचीवर भलतीकडेच, कधी कधी उन्हं डोक्यावर आली तरी खाली हवा हळूहळू उताराला लागलेलीच असते. फांद्या कुठे हलतात ते बघून वारा ठरवणारा माणूस इथे फसतो. म्हणून शिकारी खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात, दाबली की बारीक धूर निघतो. पण त्याहून चांगली वस्तू म्हणजे मिल्कवीडच्या बोंडातला कापूस. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं, म्हणजे लहानपणी आपण जी म्हातारी फुंकून उडवायचो तीच साधारण. पावडर दोन हातांवर गेली की दिसेनाशी होते, ही म्हातारी मात्र पंचवीस-तीस पावलं तरंगत जाताना दिसते, आधी सरळ जाते, मग एका उन्हाच्या कवडशात शिरली की अचानक वर उचलली जाते, पुढे सावलीत परत खाली बसते. आपला वास नेमका ह्याच वाटेने जाणार आहे हे डोळ्यांनी बघायला मिळतं.

खुणा वाचणं हे त्यामानाने सोपं. लेंड्या ताज्या असतील तर ओलसर, चकचकीत, बोटाने दाबल्या तर आतून हिरवट निघतात, जुन्या झाल्या की वरून तपकिरी, चिरा पडलेल्या. कोवळ्या झाडाची साल शिंगांनी सोलून काढलेली असते, चीक अजून गळत असेल तर नर फार लांब नाही. बसल्याच्या जागी गवत-पाला चेपून लांबट खळगा झालेला असतो. आणि सप्टेंबरात माजावर आलेला नर चिखलात लोळतो, स्वतःच्याच अंगावर मुततो, त्याचा वास माणसाच्या नाकालाही येतो, तबेल्यासारखा उग्र, आणि तो आला म्हणजे वारा तुमच्या बाजूचा आहे हे वेगळं सांगायला नको.

आत शिरल्यावर चालायचं कसं? दोन-तीन पावलं, मग थांबणं, आणि चालण्यापेक्षा थांबणं जास्त. दुर्बीण इथेही लागते, चाळीस पावलांवरसुद्धा, कारण तिने एकेका अंतरावर फोकस करत पुढच्या फांद्या पुसट करता येतात आणि मागचं दिसतं. अख्खा एल्क शोधायचाच नाही. जंगलात सगळ्या रेषा उभ्या असतात, त्यात एखादी आडवी रेषा दिसली की ती पडलेलं झाड असते नाहीतर पाठ. कानाची हालचाल, फांद्यांखाली दिसणारे चार पाय, मागचा फिकट पिवळसर पुठ्ठा, शिंगाचं एखादं टोक. त्याचे डोळे बाजूला असतात, मागचा थोडा भाग सोडला तर सगळीकडचं दिसतं आणि हालचाल लगेच टिपतो. रंगांच्या बाबतीत मात्र तो कच्चा. हरणांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, निळ्या आणि हिरव्या भागातल्या, लाल-नारिंगी वेगळा कळत नाही. म्हणून तर कोलोरॅडोत रायफलच्या सीझनमध्ये अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर तशीच टोपी सक्तीची असूनही शिकार होते, ते कापड दुसऱ्या शिकाऱ्याने बघावं म्हणून असतं. उलट अतिनील प्रकाश हरणांच्या डोळ्यात आपल्यापेक्षा जास्त शिरतो, त्यामुळे कपडे जास्त शुभ्र करणाऱ्या पावडरीने धुतलेले कपडे घालायचे नाहीत असं बरेच शिकारी पाळतात.

काडी मोडली म्हणून घाबरायचं कारण नाही, कळप चालतो तेव्हा तोही काड्या मोडतोच. मादीचा बारीक म्यांव-म्यांव आवाज काढणारी शिट्टी असते, ती काडी मोडल्यावर हळूच वाजवली की बऱ्याचदा निभावतं. नराची आरोळी ही वेगळीच गंमत आहे, एवढ्या धुडातून शिट्टीसारखा किंचाळणारा आवाज. २०१६ मध्ये संशोधक डेव्हिड रेबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एक ४,००० हर्ट्झपर्यंत जाणारी शिट्टी आणि त्याखाली साधारण १५० हर्ट्झचा घोगरा सूर. उंच आवाज झाडीत लवकर विरतो, म्हणून लांबचा वाटलेला नर बरेचदा टेकाडापलीकडेच असतो. नुसतं ऐकायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्क ह्या गावी जावं, डेन्व्हरकडची आपली मंडळी जातातच. शेजारच्या नॅशनल पार्कात शिकार बंद, एल्क गावातल्या गोल्फच्या मैदानावर येऊन ओरडतात, फक्त ७५ फूट लांब राहायचं, माजावरचा नर माणसावर धावून येतो.

सगळंच जंगल सारखं नसतं हेही आहे. पाइन खाणाऱ्या भुंग्यांनी रॉकीमधली लाखो एकर झाडं मारली, ती आता आडवी पडलीत. ओंडक्यांचा असा पसारा बघून वाटतं की लपायला ह्याहून चांगली जागा नाही, पण वायोमिंगच्या सिएरा माद्रे भागात एल्कच्या गळ्यात जीपीएस पट्टे लावून बघितलं तर उन्हाळ्यात ते अशा जागा टाळत होते. सावली गेली आणि चालणं अवघड झालं, त्यांनाही.

माणसांनाही एल्क टाळतात. ओरेगॉनच्या स्टार्की जंगलात मोठं कुंपण घालून वर्षानुवर्षं निरीक्षण चालू आहे, तिथे चारचाकी मोटरबाइक, सायकल, घोडा आणि पायी माणूस ह्या सगळ्यांना एल्क बिचकले, मोटरबाइकला सगळ्यात जास्त. म्हणजे रस्त्यापासून जितकं लांब आणि जितकं अवघड तितकं चांगलं. कॅनडातल्या आल्बर्टात ह्याच्या पुढची गोष्ट सापडली. जे एल्क जास्त भटकतात, उघड्यावर येतात ते मारले जातात, जे कमी हलतात आणि झाडी धरून राहतात ते वाचतात, आणि माद्या तर वयाबरोबर शिकतही जातात. २०१७ च्या अभ्यासात दिसलं की ९-१० वर्षांपुढच्या माद्या शिकाऱ्यांच्या हाती जवळपास लागतच नाहीत. शिकारी शोधत असतो नराला, आणि त्याचा डाव उधळते ती कुठल्यातरी फरच्या फांदीमागे बसलेली अशी एखादी म्हातारी. म्हणून जाणते शिकारी शिंगं दिसली की लगेच पुढे सरकत नाहीत, आधी आजूबाजूला माद्या किती आहेत आणि कुणाचं तोंड कुठे आहे ते शोधत बसतात, ह्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो.