लाल गोल आणि काळी रेघ: स्क्रीनशॉटवरच्या पेनाची पार्श्वभूमी

नागपुरात परीक्षेचे अर्ज सुटले किंवा शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडलं, की बर्डीपासून महालापर्यंत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "स्क्रीनशॉट मारून पाठव ना भाऊ, कुठं अटकलं ते तं दिसलं पाहिजे." थोड्या वेळाने तो येतो. रिकाम्या राहिलेल्या रकान्याभोवती बोटाने काढलेला वेडावाकडा लाल गोल आणि त्याच चित्रात वरच्या बाजूला आधार क्रमांकावर ओढलेली काळी रेघ. गोल दाखवतो, रेघ लपवते. दोन्ही कामं आपण एकाच पेनाने करतो. पण तो पेन घडला होता दाखवण्यासाठी. लपवण्याचं काम त्याच्यावर नंतर येऊन पडलं.

सुरुवात कागदापासून झाली. 1981 साली आलेल्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर प्रिंट स्क्रीनची कळ होती आणि ती नावाप्रमाणेच वागायची: शिफ्टसोबत दाबली की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर छापून यायचा. खूण करायची तर त्या कागदावर, लाल पेनाने. विंडोजने ही कळ क्लिपबोर्डकडे, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवण्याच्या जागेकडे, वळवली. मग पेंट उघडा, पेस्ट करा, नको तेवढं कापा, गोल काढा, फाइल सेव्ह करा. संगणकाचे क्लास केलेल्या एका अख्ख्या पिढीच्या बोटांना हा क्रम पाठ आहे.

मराठीच्या बाबतीत त्या चित्राचा आणखी एक उपयोग होता. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धती, रुळण्याआधी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. चित्र करून पाठवलं तर मात्र काना-मात्रा जशाच्या तशा पोचायच्या. आपल्याकडे पडद्याचं चित्र पाठवण्याची सवय रुजण्यात या अडचणीचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

चित्र टिपणं आणि त्यावर खूण करणं एकाच ठिकाणी आणणारे प्रोग्रॅम वेगळे विकत मिळायचे. टेकस्मिथचं स्नॅगइट 1990 पासून होतं. घरोघरी ही सोय पोचवली ती मायक्रोसॉफ्टच्या स्निपिंग टूलने. आधी ते पेनाने चालणाऱ्या टॅब्लेट पीसीसाठी आलं आणि 2007 मध्ये विंडोज व्हिस्टासोबत साध्या संगणकांवर उतरलं. त्यात पेन, हायलायटर आणि खोडरबर होतं. बाण नाही, मजकुराची चौकट नाही. माउसने अक्षर काढायला गेलं की ते थरथरायचं, तरी पेंटची वारी चुकली हे मोठंच काम झालं.

मोबाइलवर हे सगळं भराभर घडलं. अँड्रॉइडमध्ये 2011 च्या 4.0 आवृत्तीपासून पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दाबून स्क्रीनशॉट घेता येऊ लागला. 2017 मध्ये आयफोनवर स्क्रीनशॉट घेताच कोपऱ्यात छोटं चित्र तरंगू लागलं आणि त्याला टिचकी मारली की पेन हजर. पुढच्या वर्षी मॅकवर आणि अँड्रॉइड 9 मध्येही ही सोय आली. मग पेन प्रत्येकाच्या बोटाशी आला आणि लोक त्याने खाते क्रमांक, चेहरे, पत्ते झाकू लागले.

इथेच खरी गोम आहे. हायलायटरची शाई मुळातच अर्धपारदर्शक, कारण खालचं अक्षर वाचता यावं हाच तिचा हेतू. काळ्या हायलायटरने तीन-चारदा घासलेला आकडा डोळ्यांना पुसल्यासारखा दिसतो. पण चित्राचा उजळपणा वाढवला की पुष्कळदा तो पुन्हा वर येतो. पूर्ण काळ्या पेनाने किंवा भरीव चौकोनाने झाकून चित्र सेव्ह केलं, तर मात्र खालचे बिंदू खरोखर बदलतात.

कापून टाकलेला भागही राहू शकतो, हे मार्च 2023 मध्ये कळलं. सायमन आरन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी गूगल पिक्सेल फोनमधल्या मार्कअपचा, म्हणजे स्क्रीनशॉट कापण्या-रंगवण्याच्या साधनाचा, दोष उघड केला. त्याला 'अक्रोपॅलिप्स' असं नाव पडलं. क्रॉप केलेली लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलवर लिहिली जायची, पण जुन्या फाइलचं उरलेलं शेपूट छाटलंच जात नव्हतं. चित्र दाखवणारा प्रोग्रॅम नव्या चित्राच्या शेवटाशी थांबतो, म्हणून कुणाला काही दिसायचं नाही. मात्र त्या शेपटातून कापलेल्या भागाचा बराचसा अंश परत मिळवता यायचा. काही दिवसांतच विंडोज 11 च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज 10 च्या स्निप अँड स्केचमध्येही तसाच दोष सापडला. दोन्हीकडे दुरुस्ती झाली, पण आधी पाठवलेल्या फाइली जिथे होत्या तिथेच राहिल्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र नव्याने दाबलं जातं, त्यात हे शेपूट टिकत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. आणि फॉर्मवाले तर "डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर फाटतं" असं बजावतात.

लपवण्यासाठी मुद्दाम केलेलं साधन स्निपिंग टूलमध्ये 2023 च्या शेवटाकडे आलं. ते चित्रातले ईमेल आणि फोन नंबर ओळखून एका क्लिकवर झाकतं. आधार क्रमांक मात्र आपल्यालाच झाकावा लागतो. त्याला एक बरा मार्ग आहे: आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्यावं. त्यात बारापैकी शेवटचे 4 आकडेच दिसतात आणि जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे ते पुरतं.